म्हातारं कॉमेट : डॅन-एअरच्या विमानाचं १/१४४ मॉडेल, नोंदी

८ जून २०२४

भाच्यानं स्विंडनहून पाठवलेलं खोकं आज हाती लागलं. डी हॅविलंड कॉमेट, म्हणजे ब्रिटनचं जुनं जेट प्रवासी विमान, १/१४४ मापाचं, जुन्या साच्यातलं प्लास्टिक किट. तिथल्या रविवारच्या बाजारात त्याला १४ पौंडांना मिळालं. त्याचा मित्र पुण्याला येत होता, त्याच्या बॅगेतून आलं, म्हणून कुरिअर आणि कस्टम्स वाचलं. झाकणाचा एक कोपरा चेपलेला. आतले निम्मे भाग आधीच्या मालकानं स्प्रूवरून, म्हणजे भाग जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, तोडून सुटे टाकलेले. डिकाल्सचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या अक्षरं-चित्रांचा) कागद चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा. "मामा, सगळे पार्ट आहेत का ते बघ" असा मेसेज. मोजले. पुढच्या चाकाचं एक दार नाही, बाकी आहेत.

यातून बीओएसी या ब्रिटिश सरकारी विमान कंपनीचं कॉमेट करायचं नाही. ते तरुणपणीचं कॉमेट सगळेच करतात. मला हवंय ते म्हातारपणीचं, चार घरं फिरून डॅन-एअर या ब्रिटिश विमान कंपनीकडे आलेलं.

नावातल्या 'डॅन'चा डेन्मार्कशी संबंध नाही. डेव्हिस अँड न्यूमन हे लंडनचे जहाजांचे दलाल, त्यांची ही आद्याक्षरं. पैसे थकवलेल्या एका छोट्या कंपनीचं डाकोटा विमान त्यांच्याकडे आलं आणि १९५३ मध्ये त्यावर विमान कंपनी सुरू झाली. १९९२ पर्यंत चालली. कोणाला हेच मॉडेल करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचाव्यात म्हणून हे लिहून ठेवतोय.

९ जून

कुठलं विमान करायचं ते ठरवायचं, म्हणजे नोंदणीची अक्षरं ठरवायची. शेपटीकडची ती चार अक्षरं बदलली की विमानाचा सगळा इतिहास बदलतो.

डिकालच्या कागदावर सुटी अक्षरं आहेत, त्यातून काहीही जुळवता येतं. लेक शेजारी बसून 'जी-एपीडीएन' जुळवत होती, अक्षरं सलग सापडली म्हणून. तेवढं नको म्हटलं. ते कॉमेट ३ जुलै १९७० ला मँचेस्टरहून बार्सिलोनाला सहलीचे प्रवासी घेऊन निघालं आणि माँत्सेनीच्या डोंगरावर आदळलं. ११२ माणसं गेली, कोणी वाचलं नाही. लेकीनं विचारलं, अजून पडली का यांची विमानं? पडली. १९८० मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावर यांचं बोइंग ७२७ डोंगरावर गेलं, १४६ माणसं. कंट्रोलरला म्हणायचं होतं की डावीकडे घिरट्या घालत राहा, 'टर्न्स'. तो बोलला 'टर्न'. वैमानिक एकदाच डावीकडे वळले आणि ढगातून डोंगराकडे गेले. एका 'स'चा फरक. लेक थोडा वेळ गप्प बसली, मग तिनं अक्षरं परत पाकिटात टाकली.

मी निवडलं जी-बीडीआयएक्स. हे विमान स्कॉटलंडमध्ये ईस्ट फॉर्च्युनच्या संग्रहालयात डॅन-एअरच्याच रंगात उभं आहे. हवे तेवढे फोटो मिळतात. नवखा माणूस असाच विचार करतो.

१२ ते १५ जून

धड चिकटवण्याआधी पंख जुळवले. साचा जुना, कडांवर प्लास्टिकची झालर सुटलेली. कानस आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, चार संध्याकाळी त्यातच गेल्या. इंजिनांची तोंडं पंखाच्या मुळाशीच आहेत, दोन्हीकडे दोन-दोन. कॉमेटची चारही रोल्स-रॉइस एव्हन इंजिनं पंखाच्या पोटात दडलेली असतात. हवेत दिसायला फार सुरेख. मॉडेलमध्ये मात्र त्या भोकांच्या आतून पॉलिश करायला बोट जात नाही. दात कोरायच्या काडीला पेपर गुंडाळून केलं.

१८ जून

घोळ.

फोटो समोर ठेवून पंख धरला, तर फोटोत पंखाच्या पुढच्या कडेतून इंधनाची एक लांबट टाकी बाहेर डोकावते. किटच्या पंखावर टाकी नाही, भाग क्रमांकांतही नाही. आधीच्या मालकानं हरवल्या असतील असं धरून चाललो. स्प्रूचे तुकडे तापवून, कापून, घासून दोन टाक्या बनवल्या. तीन संध्याकाळी. पहिली बरी झाली, दुसरी भेंडीसारखी वाकडी.

२१ जून

टाक्या हरवल्या नव्हत्या. त्या या किटमध्ये कधी नव्हत्याच.

किट कॉमेट ४बी चं आहे आणि जी-बीडीआयएक्स हे ४सी. दोन्हींचं धड सारखंच, ३५.९७ मीटर, या मापात जेमतेम २५ सेंटीमीटर. पंख मात्र वेगळे. ४बी हे विमान बीईए या ब्रिटिश विमान कंपनीनं युरोपातल्या छोट्या पल्ल्यांसाठी घेतलं, म्हणून पंख आखूड आणि टाक्या काढलेल्या, टोकापासून टोकापर्यंत ३२.८७ मीटर. ४सी ला ४बी चं लांब धड आणि मूळ कॉमेट ४ चे मोठे पंख, ३५ मीटर. फरक २.१३ मीटरचा, १/१४४ मध्ये १४.८ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी साडेसात-साडेसात मिलिमीटर पंख वाढवायचा, टोकाचा आकार बदलायचा आणि वर त्या टाक्या. पट्टी लावून हे कळायला दहा मिनिटं लागली. पट्टी लावायचं सुचायला दोन आठवडे.

मोठ्या विमानाला आजोबांचा सदरा घालायला निघालो होतो आणि बाह्याच आखूड. किट हातात घेतल्या घेतल्या सगळ्यात आधी पंखाचं माप घ्या, फोटोचं नंतर बघू.

२३ जून

पंख वाढवायचे की विमान बदलायचं? विमान बदललं. डॅन-एअरकडे ४बी सुद्धा बरीच होती, त्यातलं जी-एपीवायडी घेतलं. याचा प्रवास वाचून मला ते जी-बीडीआयएक्सपेक्षा जास्त आवडलं. आधी बीईए, मग ग्रीसच्या ऑलिंपिक एअरवेजकडे, तिथून चॅनल एअरवेज या सहली नेणाऱ्या कंपनीकडे. फेब्रुवारी १९७२ मध्ये चॅनल बुडाली आणि तिची कॉमेट डॅन-एअरनं उचलली. १९७९ पासून ते लंडनच्या सायन्स म्युझियमच्या वरॉटन इथल्या विमानतळावर ठेवलेलं आहे. वरॉटन भाच्याच्या घरापासून चार-पाच मैलांवर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, मी रोज त्याच बाजूनं जातो, मला माहीतच नाही."

दोन टाक्या डबीत टाकल्या. नऊ-दहा तास गेले.

२९ जून

पाऊस लागला. रंगकाम बंद, म्हणून वाचन.

डॅन-एअरनं एकूण ४९ कॉमेट विकत घेतली. कॉमेट ४ च्या सगळ्या प्रकारांची मिळून जगात सत्तरच्या वर बनली असतील, त्यातली ४९ एका घरात. सगळी उडवली नाहीत. काही हॅम्पशरमधल्या लॅशमला त्यांच्या कारखान्यात नुसती सुट्या भागांसाठी मोडली. बीओएसीची घेतली, बीईएची घेतली, १९७५ मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या २१६ स्क्वाड्रनची पाचही घेतली. माझं सोडून दिलेलं जी-बीडीआयएक्स त्याच पाचांतलं. आपल्याशी धागा असलेलीही होती. ईस्ट आफ्रिकन एअरवेजची कॉमेट नैरोबीहून कराची करून मुंबईला यायची, सांताक्रूझवर उतरायची. ती तीन विमानंही शेवटी डॅन-एअरकडे, लॅशमला.

यामागचं गणित आपल्याकडे लग्नसराईत गाड्या लावणाऱ्यांना चटकन कळेल. सहलीची विमानं उन्हाळ्यात, त्यातही शनिवार-रविवारी, रात्रंदिवस पळतात आणि हिवाळ्यात उभी राहतात. नवं विमान हप्त्यावर घेतलं तर उभं असतानाही हप्ता चालूच. जुनं कॉमेट स्वस्तात मिळालं की उभं राहिलं तरी फार दुखत नाही. इंधन पितं, पण इंधन स्वस्त होतं. मग विमानाच्या आतली जमीन मजबूत करून, रांगा जवळ आणून, ४बी मध्ये ११९ जणांना बसवायचं आणि स्पेनच्या पाल्माला नेऊन सोडायचं. गुडघे समोरच्या खुर्चीला लागत असणार, पण मँचेस्टरच्या गिरणीतल्या माणसाला समुद्र आणि ऊन पहिल्यांदा असंच परवडलं.

६ जुलै

धड चिकटवलं, सांधा भरला, घासला, खूश झालो. चाकं लावून टेबलावर ठेवलं आणि विमानानं नाक वर करून शेपूट टेकवली.

नाकात वजन घालायचं राहिलं. किटच्या सूचनेत पहिल्याच पानावर लिहिलंय, मोठ्या अक्षरांत. पुढच्या चाकाच्या खोबणीतून ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, मासे धरायच्या गळाचं शिसं (२० रुपये, मंडईमागचं दुकान) कापून एक एक तुकडा आत ढकलला, वर इन्स्टंट ग्लू ओतला. १४ ग्रॅमवर नाक खाली आलं.

रात्री बघतो तर कॉकपिटची काच आतून दुधासारखी. इन्स्टंट ग्लूची वाफ बंद जागेत काचेवर बसते, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. काच आता आतून पुसता येत नाही, म्हणून वरून काळ्या रंगानं काचेचे चौकोन रंगवायचे. या मापात ते चालून जातं. शिशाला एपॉक्सी वापरा, वाफ नाही, वास नाही.

१३ जुलै

प्रवाशांच्या खिडक्या. साच्यात नुसत्या खुणा आहेत. कॉमेट म्हटलं की लोक चौकोनी खिडक्या म्हणतात, पण त्या पहिल्या कॉमेटच्या. १९५४ मध्ये इटलीजवळच्या समुद्रात तीन महिन्यांत दोन विमानं फुटून पडली. मग एक आख्खं विमान इंग्लंडमधल्या फार्नबरोला पाण्याच्या हौदात ठेवून दाब देऊन-काढून बघितलं, तेव्हा पत्रा थकतो आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फाटतो हे कळलं. कॉमेट ४ पर्यंत खिडक्या गोल झाल्या होत्या. म्हणून खुणांवर ड्रिल फिरवणं टाळलं, भोक एका बाजूला सरकलं की ती रांग लगेच डोळ्यात येते. सगळ्या खिडक्या डिकालनं देणार.

२० जुलै

सांध्यात अजून एक भेग दिसली. लांबी (पुट्टी) भरली, वाळवली, घासली. मग 'जरा स्वच्छ पुसून घेऊ' म्हणून फडक्यावर एनसी थिनर घेतलं. पोटाखालचं प्लास्टिक फडक्याला चिकटून तार आल्यासारखं वर आलं, जिलबीच्या पाकासारखं. एका रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. गाड्यांच्या रंगाचं थिनर या प्लास्टिकला विरघळवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, औषधाच्या दुकानात मिळतं.

खड्डा बुजवायला पाच दिवस. तेवढ्यात बायकोनं विचारलं की हे बाल्कनीतून हलणार कधी, कारण कपडे वाळत घालायला दुसरी जागा नाही आणि पावसात ती जागा सोन्याच्या मोलाची. सांधा पुरा होईपर्यंत मॉडेल फ्रिजवर.

११ ऑगस्ट

राखाडी प्रायमर बरा बसला. चकचकीत पांढरा मारला आणि सकाळी पाहतो तर पांढरा धुकट, हात लावला तर खडूसारखा. हवेतली ओल. हवामान ॲपमध्ये आर्द्रता ९१ टक्के. डबीवर साठच्या खाली रंगवा असं लिहिलंय, पुण्यात श्रावणात साठ कुठून आणणार?

पहिला थर ८०० आणि १२०० नंबरच्या पेपरानं पाण्याखाली घासून काढला. २६० रुपयांचा स्प्रे गेला. दुसऱ्यांदा लेकीच्या खोलीत एसी 'ड्राय'वर लावून, दार बंद करून, खोक्यात विमान टांगून मारला. चमक आली. खोलीला तीन दिवस वास होता, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

८ सप्टेंबर

गणपती, काम बंद.

२१ सप्टेंबर

डिकाल्स. पिवळेपणा घालवायची जुनी युक्ती म्हणजे कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवायचा. जुलैपासून ठेवला होता, उन्हाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. थोडासा फिका झाला, बस. एक अक्षर पाण्यात टाकून बघितलं, सात तुकडे झाले. उरलेल्यावर क्लिअर लॅकर मारला, तरी दुसरं अक्षर पाच तुकड्यांत.

किटचे डिकाल्स सोडून दिले. लाल पट्टा आणि त्याच्या कडेची काळी रेघ मास्किंग टेप लावून रंगानं करायची. 'डॅन-एअर लंडन' ही अक्षरं, नोंदणीची अक्षरं, खिडक्या आणि शेपटीवरचं होकायंत्र-निशाणाचं चिन्ह लेसर प्रिंटरवर वॉटर-स्लाइड कागदावर छापायचं. कागद ४८० रुपये. लेसर प्रिंटर पांढरं छापत नाही, तेव्हा चिन्हातला पांढरा भाग खालच्या रंगातून येईल अशी आखणी करायची. चिन्ह तीनदा छापलं, प्रत्येक वेळी थोडं मोठं.

५ ऑक्टोबर

पट्टा. टेप ओढून काढली तर लाल रंग डाव्या बाजूला खाली झिरपलेला. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पांढराच रंग पातळ मारायचा, म्हणजे फटी पांढऱ्यानं भरतात आणि मग लाल झिरपत नाही. हे उजव्या बाजूला केलं आणि रेघ ब्लेडनं कापल्यासारखी आली. डावी बाजू पुन्हा घासून, पुन्हा पांढरा, पुन्हा लाल. दोन शनिवार.

या दोन शनिवारांत डोक्यात एकच विचार, की हे विमान त्यांनी इतकी वर्षं उडवलं कसं. ऑक्टोबर १९७३ नंतर तेलाचा भाव चढला आणि कॉमेटचं स्वस्तपण इंधनात वाहून जायला लागलं. पश्चिम बर्लिनहूनही यांची सहलीची विमानं उडायची. तिथे फक्त ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सच्या कंपन्यांनाच येऊ द्यायचे, आणि पूर्व जर्मनीवरच्या हवाई पट्ट्यातून १०,००० फुटांच्या वर जायचं नाही. जेट विमान खाली उडालं की इंधनाचा घोट मोठा. त्याच १९७३ मध्ये डॅन-एअरनं जपान एअर लाइन्सकडून जुनी बोइंग ७२७ आणली, ब्रिटनमधली पहिली. ती पण सेकंड-हँडच, सवय काही सुटली नाही. ब्रिटिश नियमांसाठी त्यांना जादा आपत्कालीन दारं पाडावी लागली.

२६ ऑक्टोबर

अक्षरं बसली. 'लंडन'मधला शेवटचा 'एन' अर्धा मिलिमीटर वर आहे. डिकाल सॉफ्टनर लावून झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा हलवणं शक्य नव्हतं. खिडक्यांची रांग मात्र सरळ आली, कारण ती एकाच लांब पट्टीवर छापली.

हरवलेलं दार दुधाच्या पिशवीतल्या प्लास्टिकनं करून बघितलं, फार पातळ. शेवटी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलं.

९ नोव्हेंबर

आज संपवायचं ठरवलं होतं. ९ नोव्हेंबर १९८० ला गॅटविकहून डॅन-एअरच्या जी-बीडीआयडब्ल्यूनं हौशी लोकांना घेऊन कॉमेटचं शेवटचं प्रवासी उड्डाण केलं. ते विमान आता जर्मनीत हर्मेस्काइलच्या संग्रहालयात आहे. कंपनी त्यानंतर बारा वर्षं टिकली. सहलींकडून नियमित सेवांकडे वळायला गेली, त्यात १९९१ चं आखाती युद्ध आलं, आणि १९९२ मध्ये ब्रिटिश एअरवेजनं ती एका पौंडाला, कर्जासकट, घेतली. शेवटचं उड्डाण ८ नोव्हेंबरला. बहुतेक कर्मचारी घरी बसले. जन्मभर दुसऱ्यांची जुनी विमानं घेतली आणि शेवटी स्वतः भाच्याच्या या किटपेक्षा स्वस्तात गेली.

आज संपलं नाही. डाव्या मुख्य चाकांची जोडी चिकटवताना तिरकी बसली, तोडावी लागली.

१६ नोव्हेंबर

झालं. हिशेब : किट १४ पौंड, म्हणजे १५०० च्या आत-बाहेर. रंग आणि वाया गेलेले स्प्रे ११४०, डिकाल कागद ४८०, पेपर, टेप, लांबी, अल्कोहोल, एपॉक्सी मिळून ६९०, शिसं २०. वेळ साधारण ८५ तास, त्यातले निम्मे चुका निस्तरण्यात.

फोटो भाच्याला पाठवला. त्यानं मोठा करून बघितला आणि उत्तर आलं : "मामा, भारी. पण पोटाचा ग्रे डावीकडे जरा वर चढलाय का?" चढलाय, एक मिलिमीटर. फडताळात उजवी बाजू बाहेर करून ठेवलंय. त्या दोन टाक्या, बरी आणि भेंडी, खाली डबीत आहेत. कोणी ४सी करत असेल तर कळवा, पोस्टानं पाठवीन.